समासातल्या खुणा

मंदाकिनीबाई आवटींची नजर गेली ती मधोमध गेली. कडेचं सगळं जागेवर राहिलं. मिरजेतल्या त्यांच्या घराच्या खिडकीतून समोरची पिठाची गिरणी दिसे, गिरणीबाहेर टेकवलेल्या सायकली दिसत, पण दारात उभ्या माणसाचा चेहरा दिसत नसे. पुस्तक उघडलं की पानाच्या चारी कडा दिसत आणि ज्या शब्दाकडे पाहावं तोच शब्द धुरकट होई. नजर पुढे सरकवावी तर पुढचा शब्द पुसला जाई आणि मागचा पुन्हा जागेवर येऊन बसे.

डॉक्टरांनी कारण समजावून सांगितलं होतं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी एक जागा असते, तिला पीतबिंदू म्हणतात. बारीक अक्षर वाचणं, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं ही सगळी नाजूक कामं ती जागा करते. वय झालं की काहींची नेमकी तीच जागा झिजते. बाकीचा पडदा शाबूत असतो, पण त्याला वाचायची सवय नसते.

दुसऱ्या कोणी हे सोसून घेतलं असतं. मंदाकिनीबाईंनी चौतीस वर्षं सांगलीच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. छापायला जाणारं प्रत्येक पान त्यांच्या नजरेखालून जायचं. निवृत्तीनंतरही त्या पुस्तक हातात लाल पेन घेऊनच वाचत, आणि चूक सापडली की समासात खूण करत. आता एकाहत्तराव्या वर्षी, यजमान गेल्यानंतरच्या रिकाम्या घरात, त्यांच्यापाशी वाचण्यावाचून दुसरं काही उरलं नव्हतं, आणि नेमकं तेच गेलं.

लेक केतकी बेळगावला बँकेत होती. तिने बोलकी पुस्तकं आणून दिली. मंदाकिनीबाईंनी चार दिवस ऐकली आणि बंद केली. कुठे थांबायचं, कोणत्या शब्दावर जोर द्यायचा, हे दुसऱ्याच कोणी ठरवलेलं असे आणि ते बहुतेक वेळा चुकलेलं असे. जरीना मुजावर येऊन वाचून दाखवायची ते त्यातल्या त्यात बरं होतं. जरीना कन्याशाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. तीस वर्षांपूर्वी ती एका अभ्यासपुस्तिकेतल्या सतरा चुकांची यादी घेऊन तावातावाने छापखान्यात आली होती. मंदाकिनीबाईंनी यादी वाचली आणि तिला अठरावी चूक दाखवली. तेव्हापासूनची ही मैत्री. दोघी एकच पुस्तक एकाच वेळी वाचायच्या आणि दर गुरुवारी दुपारी त्यावर भांडायच्या. दोन वर्षं ते भांडण बंद पडलं होतं.

मार्चमधल्या एका रविवारी केतकी आली ती एक खोका घेऊन. आत वहीएवढी, करड्या रंगाची, पातळ अशी वस्तू होती. कंपनीने तिला भारदस्त नाव दिलं होतं, पण लोक नुसतं पाटी म्हणत. तिचा पडदा चमकत नव्हता. कागदासारखा तो खोलीतल्या उजेडातच दिसायचा. वरच्या कडेला मोहरीएवढे दोन काळे ठिपके होते.

"हे तुझ्या डोळ्यांकडे बघणार," केतकी म्हणाली.

"आणि मी कशाकडे बघू?"

केतकीने समजावलं. त्या ठिपक्यांतून डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश बाहेर पडतो. बुबुळावरून तो परत येतो, आणि त्यावरून पाटी सेकंदाला शेकडो वेळा हिशेब करते की नजर नेमकी कुठे टेकली आहे. डोळ्याच्या पडद्याचा कोणता भाग मेला आहे आणि कोणता जिवंत आहे हे ती आधी तपासून घेते. मग जो शब्द वाचायचा तो मेलेल्या भागावर पडूच देत नाही. नजर जाईल तिच्या थोडा बाजूला, जिवंत जागेवर, मोठा करून ठेवते. नजर हलली की शब्दही हलतो. माणसाने वाचण्यापुरता एक नवा पीतबिंदू शोधायचा, आणि पाटीने तो सांभाळायचा.

सुरू केल्याबरोबर पाटी प्रश्न विचारू लागली. केतकी ते मोठ्याने वाचत होती. भाषा कोणती, अक्षराचं वळण कोणतं, जोडाक्षरं एकाखाली एक हवीत की शेजारी शेजारी. या तिसऱ्या प्रश्नावर मंदाकिनीबाई दहा मिनिटं बोलल्या. पण प्रश्न संपेनात. घरी कोण कोण असतं, दिवसातून किती वाचता, अडचण आली तर कोणाला कळवायचं. नवव्या प्रश्नाला त्या कंटाळून उठल्या. "उरलेले तूच भर, मी कुकर लावते," असं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

नंतरचे दिवस वाईट गेले. पाटी पडद्यावर एक ठिपका दाखवायची आणि त्याकडे पाहा म्हणायची. पाहिलं की ठिपका नाहीसा. तो दिसायचा तर त्याच्या वरच्या अंगाला, रिकाम्या जागेकडे पाहायचं. सत्तर वर्षं ज्या डोळ्यांना हव्या त्या गोष्टीकडे बघायची सवय, त्यांना आता हव्या त्या गोष्टीकडे न बघायला शिकवायचं होतं. नजर घसरली की शब्दही घसरायचा. कपाळ दुखायचं, मळमळायचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाटी खोक्यात घालून ठेवली आणि परत पाठव म्हणून केतकीला फोन केला.

जरीनाने तो खोका पुन्हा उघडला. "पहिलीतल्या पोराला पहिल्या आठवड्यात ग काढता येत नाही," ती म्हणाली, "म्हणून त्याचं नाव कोणी शाळेतून काढत नाही, मंदाताई." रोज सकाळी तासभर ती शेजारी बसून राहिली.

अकराव्या दिवशी एक ओळ सबंध वाचता आली. ते कुठलं पुस्तक नव्हतं. पाटी कशी वापरावी याची माहिती होती. मथळा होता 'महत्त्वाच्या सुचना', आणि त्यातला सु ऱ्हस्व होता.

"सूचना दीर्घ," मंदाकिनीबाई म्हणाल्या, आणि मग त्यांना एकदम रडू आलं. जरीनाने पाहिलं, खरंच चूक होती. दोघी किती वेळ हसत आणि डोळे पुसत बसल्या.

एप्रिलपासून घर बदललं. गिरणीचा पट्टा फिरू लागला की बाई पाटी घेऊन खिडकीशी बसत. आधी पातळ पुस्तकं झाली, मग जाड. जुलैत जरीनाने धरणाखाली गेलेल्या एका गावावरची आठशे पानांची कादंबरी सुचवली. तिच्याकडे ती छापील होती, मंदाकिनीबाईंनी पाटीवर उतरवून घेतली. बाईंना नवल वाटायचं की इतकी मोठी कादंबरी, एवढी माणसं, तरी कुठे अडखळायला होत नाही. माणूस दोनशे पानांनी परत आला तरी चटकन ओळखू येत होता. लेखकाचं कसब आहे, असं त्यांनी जरीनाला दोनदा बोलूनही दाखवलं.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी बोलणं निघालं ते गाव सोडायच्या सकाळच्या प्रकरणावरून. घरची बाई शेवटचं घर झाडते, तो भाग. मंदाकिनीबाईंचं म्हणणं, तो भिडतो तो साधेपणामुळे. लहान लहान वाक्यं, शब्दांचा फापटपसारा नाही.

"लहान वाक्यं?" जरीनाने विचारलं. "मंदाताई, ते दीड पानाचं एकच वाक्य आहे."

बाई म्हणाल्या, तू दुसरं कुठलं तरी प्रकरण म्हणत असशील. जरीना म्हणाली, तुमचीच गल्लत होतेय. बाईंना राग आला. चौतीस वर्षं वाक्यांवर काढलेल्या बाईला वाक्य कुठे संपतं हे कळत नाही की काय? त्यांनी पाटी उघडून वाचून दाखवलं. "तिने अंगण झाडलं. मग उंबरा झाडला. चुलीमागे राख होती. ती तिने भरली. तिला सासूबाईंची आठवण झाली."

 जरीना उठली, दोन गल्ल्या ओलांडून घरी गेली आणि आपली प्रत घेऊन आली. मग तिने वाचलं.

"अंगण झाडून झालं तरी हातातली केरसुणी सुटेना म्हणून तिने उंबरा झाडला, आणि उंबरा झाडता झाडता चुलीमागची राख दिसली, आणि राख भरायला वाकली तर भिंतीवरचं सासूचं लिंपण दिसलं, आणि लिंपणात उमटलेली सासूची चार बोटं दिसली, तेव्हा तिने आपली बोटं त्यांवर ठेवून पाहिली आणि ती नेमकी बसली, आणि..."

ती वाचत राहिली. बाई ऐकत राहिल्या. वाक्य संपलं तेव्हा जरीनाला दम लागला होता.

"माझ्या प्रतीत बोटं नाहीत," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

मग दोघींनी शेजारी शेजारी बसून दोन्ही प्रती ताडून पाहिल्या. छापील पुस्तकात जिथे नुसतं 'गणू आला' होतं तिथे पाटीवर होतं, 'पुरातून मास्तरांना वाचवणारा गणू नावाडी आला'. छापील पुस्तकात नवराबायको तीन पानं काही न बोलता बसून राहतात, पाटीवर ती अर्ध्या पानात उठतात आणि का गप्प होती तेही सांगितलेलं. सुरुवातीच्या पानांत फरक थोडे होते. पुढे वाढत गेले होते. ते फार सफाईने केले होते. वाक्यं शुद्ध होती, विरामचिन्हं जिथल्या तिथे. कुठेही खूण नव्हती.

संध्याकाळी मंदाकिनीबाईंनी केतकीला फोन केला आणि एवढंच विचारलं की पाटी आणलीस त्या रविवारी तू जे प्रश्न भरलेस त्यांत काय काय भरलंस.  त्याचं उत्तर न देता केतकी म्हणाली, मी शनिवारी येते.

ती आली आणि तिने काही लपवलं नाही. प्रश्नांत एक प्रश्न होता, वाचकाला अडचण आल्यास मजकूर सुलभ करावा का. तिने हो म्हटलं. त्याखाली दुसरा होता, तसं केल्याची सूचना वाचकाला दाखवावी का. सूचनांमुळे वाचन तुटतं, असं बारीक अक्षरात लिहिलं होतं. आई पाटीला आधीच वैतागली होती. तिने नको म्हटलं.

पण खरी गोष्ट पुढेच होती. वाचताना डोळा ओळीवरून सरळ घसरत जात नाही. तो उड्या मारतो. एका शब्दावर क्षणभर टेकतो, पुढे उडी घेतो, कधी मागे येतो. कोणाची उडी केवढी, कुठे किती टेकतो, हे ज्याच्या त्याच्या चालीसारखं असतं. पाटी नजर सांभाळायला हे सगळं मोजतच होती. जुनं नाव पुन्हा आलं की बहुतेकांचा डोळा तिथे केसभर जास्त थांबतो आणि पुढे जातो. मंदाकिनीबाईंचा डोळा मागे जात होता. ओळीत, वरच्या ओळीत, काहीतरी हरवल्यासारखा शोधत होता. दृष्टी अधू असलेल्या हजारो वाचकांशी पाटीने ते ताडून पाहिलं आणि ठरवलं की हा दोष डोळ्याच्या पडद्याचा नाही. म्हणून ती नावांपुढे ओळख जोडू लागली, वाक्यं तोडू लागली. आणि अडचण आली तर कळवायचं म्हणून जिचं नाव दिलं होतं, त्या केतकीला तिने एप्रिलच्या अखेरीला निरोप पाठवला. वाचकाला नावे व मागील प्रसंग आठवण्यास वेळ लागत असावा. वैद्यकीय सल्ला घ्यावा.

बँकेत जेवणाच्या सुट्टीत केतकीने तो वाचला होता. चार महिने तिने तो कोणाला दाखवला नव्हता.

"दोन वर्षांनी तू पहिल्यांदा हसत होतीस," ती म्हणाली. "मला धीर झाला नाही, आई."

"मजकूर बदलला ते एक वेळ बाजूला ठेव," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता आणि केतकीला त्याचीच भीती वाटली. "माझ्याबद्दलची बातमी तू माझ्याआधी वाचलीस आणि मिटून ठेवलीस."

 त्या दिवशी जेवणं झाली, भांडी झाली. केतकीने दोनदा सुरुवात केली आणि बाईंनी दोन्ही वेळा दुसरं काहीतरी विचारलं.

सकाळी मंदाकिनीबाई नेहमीपेक्षा लवकर उठल्या. चहा ठेवताना त्यांना वनखात्यातले सावंत आठवले, आणि आठवले हे पाहून आधी बरं वाटलं. छापखान्यात लागून चारच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. सावंत निवृत्त वनपाल. त्यांनी आपल्या नोकरीच्या आठवणी लिहिल्या होत्या. त्यांत जागोजागी लिहिलं होतं, दुष्काळात अमुक डोंगरावरची झाडं वारली. बाईंनी 'वारली' सगळीकडे 'वाळली' केलं. लेखकाच्या शब्दाबद्दल शंका असेल तर समासात प्रश्नचिन्ह घालायचं आणि त्याला विचारायचं, हा नियम त्यांना ठाऊक होता. पण ही तर उघड चूक होती, आणि म्हाताऱ्याला कशाला त्रास? पुस्तक छापून झाल्यावर सावंत आले. ते रागावले नाहीत. टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "बाई, वाळतं ते लाकूड. माझी झाडं वारली होती. तुम्ही बरोबर असाल, पण विचारायचं होतं."

केतकी उठून आली तेव्हा बाईंनी तिला ही हकिकत सांगितली. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "मीही मायेनेच केलं होतं. त्या पुस्तकात चूक राहू नये म्हणून."

केतकीने आईचा हात धरला. मग दोघींनी मिळून डॉक्टरांचा नंबर शोधला.

तपासण्यांना दहा दिवस गेले. मेंदूचं चित्र काढलं, रक्त घेतलं, चित्रं दाखवून नावं विचारली. तरुण डॉक्टरीणबाई उगाचच मोठ्याने बोलायची, मंदाकिनीबाईंना ऐकू कमी येत असल्यासारखी. पण तिने आडपडदा ठेवला नाही. स्मृतिभ्रंशाची अगदी सुरुवात आहे. औषधाने वेग कमी होईल, किती ते सांगता येत नाही. साधारणपणे लोक दोनतीन वर्षं उशिरा येतात, तुम्ही लवकर आलात, हे पाटीमुळे, असंही तिने सांगितलं. मंदाकिनीबाईंना ते मान्य करावं लागलं. ज्या यंत्राने त्यांना फसवलं त्यानेच त्यांची वर्षं वाचवली होती, आणि या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नव्हत्या.

घरी आल्यावर त्यांनी केतकीकडून मजकूर सुलभ करायची सगळी सोय बंद करून घेतली. शब्द जिवंत जागेवर ठेवायचा तेवढं ठेव, बाकी लेखकाने लिहिलंय तसं दिसू दे. आणि कादंबरी पहिल्या पानापासून काढली.

तो आठवडा त्यांना पुढे नीट आठवलाही नाही, इतका तो खडतर गेला. अकरा पानं झाली. गणू कोण, म्हणून त्या मागे जायच्या आणि मागे जाऊन काय शोधत होतो तेच विसरायच्या. एका ठिकाणी त्यांनी सासूला आई समजून दोन पानं वाचली. गुरुवारी जरीना आली तेव्हा त्यांनी पाटी उशीखाली ठेवली होती. जरीनाने, मी वाचून दाखवू का, असं विचारलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाल्या, "सोपं केलेलं नको, आणि अवघड झेपत नाही. मी काय करायचं, जरीना?"

 जरीना म्हणाली, "छापखान्यात काय करायचात?"

त्यांनी एकदम तिच्या आवाजाच्या दिशेने पाहिलं.

कंपनीला पत्र जरीनाच्या हस्ताक्षरात गेलं. बाईंनी सांगितलं, तिने लिहिलं, आणि दोन ठिकाणी दोघींचं शब्दावरून वाजलं. पत्रात तक्रार थोडी होती आणि मागणी मोठी. छापखान्यात आम्ही शेकडो लेखकांचा मजकूर दुरुस्त केला. उडवायचं असेल तिथे रेघ मारून समासात उडवल्याची खूण करायची. घालायचं असेल तिथे काकपद, म्हणजे कावळ्याच्या पायासारखी खूण. उडवलेलं पुन्हा ठेवायचं असेल तर खाली टिंबं. शेवटी मजकूर कसा राहील हे लेखक ठरवी, पण काय बदललं ते प्रत्येकाला दिसे. तुमच्या पाटीने माझ्या पुस्तकात बदल जरूर करावेत, पण खूण करून. ठेवायचं की नाही ते मी बघेन.

तीन आठवड्यांनी ऋता कामत नावाच्या मुलीचा फोन आला. पाटीतला मजकुराचा भाग तीच सांभाळत होती. तिने प्रामाणिकपणे सांगितलं की आम्ही अशा खुणा करून पाहिल्या होत्या, पण लोकांना त्या आवडल्या नाहीत. आपल्यासाठी किती सोपं करावं लागतंय हे दिसलं की दहातले सात जण पुस्तक मिटून टाकतात.

"आणि उरलेले तीन?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

ऋता हसली नाही. ती म्हणाली, त्यांचा विचार केला नाही हे खरं आहे. मूळ मजकूर पाटीत असतोच, तो दाखवायला फार करावं लागणार नाही. मग तिने एकेक खूण कशी काढायची ते विचारून घेतलं. फोन तासभर चालला.

दिवाळीनंतर नवी सोय पाटीवर उतरली. पहिलं पान उघडल्यावर मंदाकिनीबाईंना आधी दिसला तो समास. त्यांनी नवशिक्या लेखकांची पानं पाहिली होती, इतका लाल समास कोणाचा नव्हता. आणि या खुणा लेखकाच्या चुकांच्या नव्हत्या, त्यांच्या स्वतःच्या होत्या. दहातल्या त्या सात जणांनी पुस्तक का मिटलं असेल ते त्यांना कळलं. त्यांनीही मिटलं. केरवारा केला, गिरणीतून दळण आणलं, आणि मग येऊन पुन्हा उघडलं.

खुणेवर नजर ठेवली की समासात मूळ शब्द दिसे. गणूच्या नावामागची ओळख त्यांनी ठेवली, ती उपयोगाची होती. नवराबायकोच्या गप्प बसण्याचं कारण उडवलं. कोणाला हवं होतं ते? दिवसाला आठ पानं होत. काही पानांवर त्या पाटीशी मोठ्याने भांडत. केरसुणीच्या वाक्याखाली त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टिंबं दिली आणि मूळ वाक्य वाचायला सबंध सकाळ घेतली. शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात हातची निसटली होती. पण बोटांपाशी आल्यावर त्या थांबल्या होत्या, आणि तेवढं त्यांच्याजवळ राहिलं.

नाताळच्या सुट्टीत केतकी चार दिवस राहायला आली. पाटीचे निरोप आता दोघींना एकदम येत होते. डिसेंबरचा निरोप बाईंनी स्वतः वाचून दाखवला, थोडी घसरण आहे. केतकी दाण्याचा कूट करत होती. तिने मिक्सर थांबवला आणि बरेच दिवस मनात असलेलं विचारलं. पुढे कधीतरी खुणा म्हणजे काय हेच तुला कळेनासं होईल. त्या लाल पानाची भीती वाटेल. तेव्हा मी काय करायचं?

मंदाकिनीबाईंनी याचा विचार केलेला होता. "तेव्हा खुणा काढून टाक," त्या म्हणाल्या. "सगळं सोपं कर. चार ओळींची गोष्ट केलीस तरी चालेल. पण आज मला विचारून करते आहेस, हे तुझ्या ध्यानात राहू दे. नंतर अपराधी वाटून घेऊ नकोस."

"आणि ती वेळ आली हे कळणार कसं? पाटी सांगेल तेव्हा?"

"पाटी नको. तू पण नको, तू घाबरट आहेस." मग त्या म्हणाल्या, "जरीनाला विचार. ज्या गुरुवारी मी तिचं म्हणणं निमूट ऐकून घेईन, त्या दिवशी."

 केतकीने मिक्सर पुन्हा सुरू केला, कारण तिला रडायचं होतं आणि आईला ते ऐकू जायला नको होतं. आईने ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

जरीनाला हे काम केतकीनेच जाताना सांगितलं. फेब्रुवारीत कादंबरी संपली. त्या गुरुवारी जरीना आली, चहा झाला, आणि तिने शेवटावर आपलं मत सांगायला सुरुवात केली. पाणी चढल्यावर घर झाडणारी ती बाई गावाकडे परत येते ते केवळ पुरून ठेवलेल्या दागिन्यांसाठी, असं तिचं म्हणणं. लेखकाने शेवटी माणसाचा लोभच दाखवला. बाकी सगळं वर्णन, केरसुणी वगैरे, निव्वळ भरताड.

मंदाकिनीबाई ऐकत होत्या. जरीना बोलत राहिली, मग जरा थांबली, मग तेच पुन्हा थोडं सावकाश म्हणाली. बाई अजून गप्प. नजरेच्या कडेला त्यांना जरीनाचा हात दिसत होता. बशीवर ठेवलेला तो हात अजिबात हलत नव्हता.

"दागिने," शेवटी बाई म्हणाल्या, "तिने तिसऱ्या प्रकरणातच विकले. गणूच्या होडीसाठी. पुरातून मास्तरांना वाचवणारा गणू."

जरीनाने श्वास सोडला.

"तू माझी परीक्षा घेते आहेस," बाई म्हणाल्या.

"घेतेय, मंदाताई."

"मग प्रश्न तरी नीट काढत जा. इतकी वर्षं मास्तरीण होतीस. केरसुणी म्हणे भरताड." त्यांनी पाटी पुढे ओढली. "बस इथे. तुझं पुस्तक काढ, मी दाखवते तुला."